माझ्या नावावरची गाडी

गाडी माझ्या नावावर होती. मला ती चालवता येत नव्हती, केबिनमध्ये चढायलासुद्धा कुणाचा तरी हात धरावा लागायचा. पण कागदावर मालकीण मी होते. बाईच्या नावावर घेतली तर व्याज थोडं कमी पडतं, असं शोरूममधल्या माणसाने सांगितलं, आणि नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू काही मला हार घातलाय. मी सही केली. थोडं व्याज वाचलं, एवढं खरं.

नवरा आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या हाकत आलेला. आधी एका तांदूळ गिरणीची लॉरी, मग एका लाकूडवाल्याची. पन्नाशी जवळ आली तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीचं वेड लागलं. तेही साध्यासुध्या गाडीचं नाही, जड कामाच्या डिझेल पिकअपचं. पापनाशमकडच्या केळीच्या मळ्यांतून घड भरायचे आणि तंजावरच्या बाजारात उतरवायचे, हा धंदा त्याने डोक्यात पक्का करून ठेवला होता. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून. हिशेब माझ्याकडे, स्वप्न त्याच्याकडे, अशी आमच्या घरची वाटणी.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. म्हण करणाऱ्याने पिकअप घेतली नव्हती. शोरूमच्या पाटीवर लिहिलेली किंमत ही फक्त दाराची किंमत असते. मग कर, परवाना, विमा. मग कळतं की मागचा हौदा केळीच्या घडांसाठी पुरत नाही, त्याला वरून लोखंडी कठडा हवा. मग ताडपत्री. मग दोर. मग नवरा म्हणाला, चाकांवरचे कंपनीचे कमानपाटे नाजूक आहेत, प्रत्येक बाजूला एक एक पाटा वाढवायला हवा, इथे सगळेच वाढवतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शेवटी देवळासमोर चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा ओवाळून फोडला, आणि भटजींच्या दक्षिणेवरूनही नवऱ्याने घासाघीस केली नाही. मी म्हटलं, निदान इथे तरी करायची होती. तो हसला. त्या दिवशी तो फार हसत होता, आणि मला ते आवडत होतं, हेही सांगते.

नंतरचं पोसणं वेगळंच. डिझेल तर पाण्यासारखं जातंच, पण या नव्या गाड्यांना निळ्या कॅनमधलं युरियाचं पाणीही पाजावं लागतं, नाहीतर इंजिन रुसतं. टायर झिजतात ते घरातल्या चपलांच्या आधी. दर वर्षी विमा. मी महिन्याच्या शेवटी हिशेब लावायची आणि म्हणायची, ही गाडी आपल्याला पोसत नाही, आपण तिला पोसतोय. नवरा म्हणायचा, "असू दे गं. आपल्या घरची तर आहे." आमच्या घरची मराठी अशी तमिळच्या चालीत चढत उतरत जाते, त्यामुळे ते वाक्य कानाला गाण्यासारखं लागायचं आणि माझा राग निम्मा व्हायचा.

घड चढवायला आणि उतरवायला एक माणूस होता. आमच्यापेक्षा थोडा लहान, उंच, फारसं न बोलणारा. तो नवऱ्याला अण्णा म्हणायचा आणि मला अक्का. पण त्याच्यापेक्षा माझी जास्त ओळख होती ती त्याच्या बायकोशी. ती दर शनिवारी मजुरी घ्यायला स्वतः यायची, कारण नवऱ्याच्या हातात दिली तर वाटेत पैशांचं काय होतं हे तिला ठाऊक होतं. दारात उभी राहूनच ती मोठ्याने विचारायची, "मुदलाळी अम्मा आहेत का घरात?" मुदलाळी म्हणजे मालक, शेठ. मी चिडायची. ती म्हणायची, "गाडी चालवणारे ते, मालकीण तुम्ही. माझ्या घरीही तसंच आहे, फक्त गाडी नाही." जिभेला धार होती तिच्या. मला आवडायची.

सासूशी मात्र तिचं एका पितळी हंड्यावरून तुटलं होतं. त्यांच्या मुलीचे कान टोचले त्या समारंभात कुणी कुणाला काय दिलं, असलं काहीतरी. तेव्हापासून सासू ओरत्तनाडुच्या पलीकडच्या आपल्या गावात एकटी राहायची, आणि ही सून त्या गावची वेस ओलांडत नव्हती. मुलगा जाऊन येऊन असायचा. "म्हातारी मेली तरी ही येणार नाही," असं त्या गावात उघड बोललं जायचं. हे तिनेच मला सांगितलं होतं, हसत. पण सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आणि म्हातारी मेली. दुपारी निरोप आला. दिवस मावळायच्या आत उचलायचं होतं. हे दोघं, शेजारपाजारची आणि नात्यातली माणसं बस थांब्यावर जाऊन उभी राहिली. नेहमीची टाउन बस आली नाही. पुढची यायची तीही आली नाही, कुठेतरी बिघडून पडली म्हणे. ऊन कलायला लागलं तसा त्याने नवऱ्याला फोन केला.

नवऱ्याने मला शाळेत फोन केला. गाडीत निम्मे घड अजून उतरायचे होते. "तसेच राहू दे," तो म्हणाला. "माणसं मागे बसवून घेऊन जातों."

मी म्हटलं, "मालाच्या गाडीत माणसं?"

"मयताला नक्को म्हणायचं कसं?"

आमच्याकडे खरोखरच म्हणत नाहीत. लग्नाला गाडी मागितली तर भाडं ठरतं, देवाला मागितली तर डिझेल भरून घेतात, मयताला मागितली तर चावी काढायची आणि निघायचं. कुणी पैसे विचारत नाही, कुणी देत नाही. मीही नको म्हटलं नसतं. मी फक्त म्हटलं, हळू जा.

तो हळूच गेला. हे मी त्याची बायको म्हणून सांगत नाही, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी सांगितलं. केळीचे घड एका बाजूला सरकवून माणसं उभी होती. ती सून सगळ्यांत आधी चढली होती, केबिनच्या मागे कठड्याला धरून पुढे तोंड करून उभी. येणार नाही म्हणणाऱ्यांना दाखवायचं होतं बहुतेक. पदराच्या गाठीत तिने मूठभर तांदूळ बांधून घेतले होते. मेलेल्या माणसाच्या तोंडात घरच्यांनी तांदूळ घालायचे असतात, आणि एकुलत्या एक मुलाच्या बायकोने घातले नाहीत तर त्या म्हातारीच्या तोंडाला कुणीच नव्हतं असं होतं. एका हाताने तिने कठडा धरला होता आणि दुसरा हात त्या गाठीवर.

कालव्याच्या वळणावर समोरून पेंढ्याच्या भाऱ्यांनी फुगलेला ट्रॅक्टर आला. नवऱ्याने गाडी डावीकडे घेतली. कालव्याची कड भुसभुशीत होती, चाक खचलं, गाडी कलली, आणि परत सरळ झाली. तेवढंच. सगळ्यांनी दोन्ही हातांनी जे मिळेल ते धरलं. तिचा एकच हात होता. ती रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर पडली.

तिला तंजावरला आणेपर्यंत ती गेली. त्याच गाडीत आणली. तो आईला सोडून बायकोबरोबर आला, मग बायकोला सोडून आईकडे गेला, मग परत. म्हातारीला दुसऱ्या दिवशी उचललं. तिच्या तोंडात तांदूळ कुणी घातले मला माहीत नाही. गावातल्या काही बायका म्हणाल्या, यायचंच नव्हतं तिला, म्हणून वाटेतच राहिली. असल्या जिभा झडत का नाहीत, मला कळत नाही.

पोलिसांकडून गाडी सुटून आली तेव्हा तिला हात लावायला नवरा तयार होईना. मीच बादली घेतली. हौद्याच्या पत्र्याला लांब लांब खाचा असतात. त्या खाचांत केळीचा चीक वाळून काळा झाला होता, आणि त्यात तांदळाचे दाणे अडकले होते. मुठीएवढी गाठ सुटली तर असे किती दाणे निघणार? मी ते नखांनी काढले. पाण्याबरोबर गटारात जाऊ द्यायला मन होईना, म्हणून परसातल्या नारळाच्या मुळाशी टाकले. मुंग्यांनी नेले. मी तिथेच बसून रडले, आणि रडून झाल्यावर मला पहिल्यांदा पैशाचा विचार आला. तो आला, हे लपवून काय करू?

विमा होता. मी स्वतः दर वर्षी भरला होता. तेव्हा आम्ही तिघंही, म्हणजे मी, नवरा आणि तो, एका वकिलांकडे गेलो. आमच्यातलेच, घरी मराठी बोलणारे, वय झालेले गृहस्थ. आम्ही त्यांना सांगितलं, याच्या पोरीला पैसे मिळायला हवेत, आणि ते विमा कंपनीने द्यायला हवेत. दावा त्याच्या नावाने घालायचा, विरुद्ध बाजूला मालक म्हणून मी आणि विमा कंपनी. वाद आमच्यात नव्हताच. आम्ही एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा घेत होतो.

वकिलांनी कागद पाहिले आणि चष्मा काढला. "वहिनी, मालाची गाडी आहे. मालाबरोबर मालाचा धनी बसला तर विमा आहे. नुसता माणूस बसला, तोही फुकट, तर विमा नाही. मग सगळं मालकावर येतं."

"मालकावर म्हणजे?"

"तुमच्यावर."

मग त्यांनी पंचनाम्याचा कागद पुढे ओढला आणि हळूच म्हणाले, गाडीत केळी होती ना? पंचनाम्यात आहेत. ती त्या बाईने विकायला घेतली होती, ओरत्तनाडुच्या बाजाराला नेत होती, आपल्या मालाबरोबर बसली होती. बाकीची माणसं वाटेत चढली असतील. एवढं त्याने साक्षीत सांगितलं की झालं. कुणाचं नुकसान नाही. कंपनी पैसे द्यायलाच बसली आहे. पोरीला रक्कम मिळेल, तुमचं घर वाचेल.

खोटं होतं. पण इतकं बिनविषारी खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ज्याला लागायचं त्याला औषध होतं, आणि दुखायचं कुणालाच नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. वकिलांनी तमिळमध्ये त्याला सगळं पुन्हा समजावलं. "सरी," तो म्हणाला. बरं. मी तेवढा एक शब्द घट्ट धरून ठेवला.

दावा उभा राहीपर्यंत दोनदा भाताची कापणी झाली. नवऱ्यावरचा फौजदारी खटला वेगळा चालला, तो एक वेगळाच भोग, त्याचं इथे सांगत नाही. गाडी मात्र खात होती. पिकअप उभी राहिली तरी खाते. हप्ता उभा, विमा उभा, कर उभा. नवरा पुन्हा चालवायला लागला, पण कालव्याचा रस्ता टाळून, लांबच्या वळशाने, म्हणजे डिझेल आणखी. माझ्या बांगड्या गेल्या. मंगळसूत्राची वाटीही जाऊन परत आली. तो घड चढवायला येतच राहिला, कारण त्याला दुसरं काम नव्हतं आणि आम्हाला दुसरा माणूस. शनिवारी मजुरी न्यायला मात्र आता त्याची मुलगी यायची, शाळेच्या गणवेशात. ती मला मुदलाळी म्हणायची नाही. काहीच म्हणायची नाही. हात पुढे करायची.

साक्षीच्या दिवशी मी त्याच्यासाठी नवऱ्याचा पांढरा सदरा इस्त्री करून नेला. वकिलांनी बाहेर व्हरांड्यात त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. केळी कुणाची? बायकोची. कुठे नेत होती? बाजाराला. कशाला? विकायला. पाढे म्हणावेत तसं त्याने म्हटलं.

आत कंपनीची वकील एक तरुण बाई होती. आवाज चढवणारी नव्हती. तिने त्याच्या बायकोचं वय विचारलं, मुलगी कितवीत आहे विचारलं. मग म्हणाली, "गाडीत तुमच्या बायकोबरोबर काय माल होता?"

त्याने तोंड उघडलं.

"तांदूळ," तो म्हणाला.

आमच्या वकिलांनी मान वर केली. ती तरुण वकीलबाईही थांबली, कागद चाळले. "तांदूळ? किती?"

त्याने मूठ करून दाखवली.

"एवढे? विकायला?"

"नाही अम्मा. माझ्या आईच्या तोंडात घालायला."

पुढे जे काय विचारलं आणि लिहिलं गेलं ते माझ्या कानात शिरलं नाही. तिथे आणखी विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

व्हरांड्यात आल्यावर माझा तोल गेला. लोक बघत होते, बघू देत. मी म्हटलं, "एक वाक्य होतं. तुझ्या पोरीसाठी होतं. आमचं जाऊ दे, आम्ही मेलो तरी चालेल, पण तिचं? आत्ता इथे दोनदा म्हटलंस ना?"

तो सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत उभा राहिला. मग म्हणाला, "अक्का, सासू मेल्या दिवशी ती केळी विकायला बाजाराला चालली होती, असं मी कोर्टात लिहून द्यायचं? गावात हेच म्हणतात. मीही म्हणालो तर मग तेच खरं होईल."

माझा राग जाईना. मला वाटलं याच्या पाया पडावं, आणि मला वाटलं याला धरून बडवावं. शेवटी नवऱ्याने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

निकाल वकिलांनी सांगितला तसाच लागला. कंपनी मोकळी, मालकाने द्यावेत. माझं पूर्ण नाव, माझ्या बापाचं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव असं सगळं नीट लिहिलेलं होतं. वकिलांनी फी घेतली नाही. त्याने मला म्हटलं, "अक्का, मला नको." मी म्हटलं, "तुला कोण देतंय? तुझ्या पोरीला देतेय. गप्प बस." तेवढंच एक मी त्या सगळ्या काळात नीट बोलले असं मला वाटतं.

गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक ओरत्तनाडुचं मिळालं, खतं वाहून नेणारा एक माणूस. नवी गाडी आणि जुनी गाडी यांच्या किमतीत किती मोठी दरी असते, आणि त्या दरीत आपलं काय काय पडतं, हे विकायला गेल्यावर कळतं. लोखंडी कठड्याचे त्याने काही दिले नाहीत. वाढवलेल्या कमानपाट्यांचे तर उलट कापून घेतले. ताडपत्री फुकटात गेली. कागदावर पुन्हा माझीच सही लागली. मालकीण म्हणून शेवटची.

आम्ही तिघंही गाडी पोचवायला गेलो. त्याला का नेलं मला आठवत नाही, तो आपण होऊनच मागे चढून बसला असेल. त्या दिवशी नवऱ्याने लांबचा वळसा घेतला नाही. कालव्याच्या वळणावर गाडी इतकी हळू केली की मागून सायकलवाला पुढे गेला. नव्या मालकाच्या दारात नवऱ्याने केबिनमधली देवाची तसबीर काढून रुमालात गुंडाळली. तो मात्र अजून मागच्या हौद्यात उभा होता. केबिनच्या मागे, कठड्याशी. त्याने हात कठड्यावरून एकदा फिरवला आणि उतरला.

नवा मालक कोहळा घेऊन आला. आम्ही तो फुटायच्या आत निघालो.

ओरत्तनाडुच्या थांब्यावर आम्ही तिघं उभे राहिलो. नवऱ्याच्या हातात तसबीर, माझ्या हातात पिशवी, त्याचे हात मोकळे. आता नवरा पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवणार होता, तीच जुनी लाकूडवाल्याची. वाट बघायची आमची तयारी होती, पण बस लगेच आली. नेहमीची टाउन बस, निम्मी रिकामी. आम्हाला बसायला जागा मिळाली.

कंडक्टर आला. नवऱ्याने आपलं आणि त्याचं तिकीट काढलं. मला कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. टाउन बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत.

तो माझ्या हातातल्या त्या कागदाकडे बघत होता. त्याच्या बायकोलाही त्या दिवशी हेच तिकीट मिळालं असतं.